धरणाऱ्या मुली

मी आयुष्यभर माणसं पकडून खाली पाडत आले. कबड्डीत. गोव्यातल्या कोरगावच्या शाळेच्या मैदानापासून कॉलेजच्या संघापर्यंत माझं काम एकच होतं: चढाईला आलेलीचा घोटा धरायचा आणि ती रेषेपर्यंत पोचायच्या आत तिला मातीत लोळवायची. पुढे लग्न होऊन लाटंबार्शाला आले, साखळी गावच्या एका हायस्कूल-हायर सेकंडरीत शारीरिक शिक्षणाची टीचर म्हणून लागले आणि तेच मुलींना शिकवू लागले. खेळात माणसाला वरही उचलायचं असतं, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

त्याला कारण आमच्या प्रिन्सिपल मॅडम. एका दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाल्या, "राज्यपातळीवर शाळांची चीअरलीडिंगची स्पर्धा व्हायची आहे. आपला संघ जायला हवा."

मला वाटलं, थट्टा करताहेत. "मॅडम, ते क्रिकेटच्या मॅचमध्ये झिरमिळ्या हलवत नाचतात, ते?"

त्यांनी फोन माझ्यासमोर मेजावर ठेवला. व्हिडिओ चालू होता. दोन मुलींनी तिसरीचे पाय तळहातांवर घेतले होते आणि ती त्यांच्या डोक्यांच्याही वर सरळ उभी होती. मग त्यांनी तिला हवेत उडवली, ती गिरकी घेऊन खाली आली आणि त्याच मुलींच्या हातांत अलगद आडवी पडली. मी तो व्हिडिओ पुन्हा लावला.

"नाच थोडासाच आहे," मॅडम म्हणाल्या. "बाकी सगळं धरणंच आहे. आणि आपल्या शाळेत धरण्यात तुझा हात कोण धरणार?"

बाहेर येईपर्यंत बातमी स्टाफरूममध्ये पोचली होती. गणिताच्या सरांनी मला स्कर्टाचं माप विचारलं. घरी नवऱ्याने ऐकलं आणि जेवता जेवता त्याला ठसका लागला. मी त्याला पाणी दिलं आणि म्हटलं, "हस. पुढच्या महिन्यात म्हापशाला जाऊन मी हे शिकून येणार आहे."

म्हापशाला आम्हा खेळाच्या शिक्षकांसाठी शिबिर होतं. शिकवायला बंगळुरूहून एक तरुणी आली होती. अंगाने एवढीशी, पण आवाज खणखणीत. समोर आम्ही: कबड्डीवाले, फुटबॉलवाले, दोन-तीन सर तर पोट सांभाळत खाली बसणारे. आम्हाला वाटलं, पहिल्याच दिवशी ही उचलायला शिकवणार. तिने सकाळभर उचलण्याचं नावसुद्धा काढलं नाही. "पहले पकड़ना, बाद में उठाना," एवढंच ती म्हणत राहिली.

तिने आम्हाला चौघांच्या गटांत उभं केलं. वर जाणारी ती फ्लायर. तिचा एकेक पाय हातांवर घेणाऱ्या दोघी म्हणजे बेस. आणि मागे उभी राहून तिचे घोटे धरणारी, ती पडलीच तर तिचं डोकं आणि खांदे झेलणारी, ती बॅकस्पॉट. "लोग ऊपर वाली को देखेंगे," ती म्हणाली, "पर आप सबसे पहले पीछे वाली को चुनना." वर जाणारीचं चुकलं तर गुण जातात, मागचीचं चुकलं तर डोकं फुटतं.

माझी पंचाईत वेगळीच झाली. सरावात एक म्हापशाची टीचर माझ्या अंगावर तोल जाऊन आली आणि माझ्या हातांनी जे इतकी वर्षं केलं होतं तेच केलं. घोटा पकडला आणि खेचला. बिचारी गादीवर धाडकन आपटली. बंगळुरूची पोरगी धावत आली. "मैडम, नीचे नहीं! नीचे नहीं खींचना!" सगळे हसले, ती आपटलेली टीचरसुद्धा. माझे हात मात्र पुढचे दोन दिवस हट्टाने खालीच ओढत होते. कोणी पडायला लागलं की मागे न सरता त्याच्या खाली शिरायचं, हे डोक्याला लगेच पटतं. पायांना पटवायला वेळ लागतो.

परत आले आणि संघ जमवायला लागले. बेस शोधावी लागलीच नाही. माझ्याकडे गोळाफेक करणारी अकरावीतली एक मुलगी होती, सणसणीत उंच, खांदे असे की शाळेचं लोखंडी बाक एकटी उचलून भिंतीला लावायची. बोलायची फार कमी. तिच्या जोडीला तिच्याच उंचीची एक कबड्डीपटू मिळाली. मागे उभी राहायला मी एक सडपातळ, डोळ्यांत तेल घालून बघणारी मुलगी घेतली. वर्गात कोणाचं पेन कुठे पडलं, हे ते पडायच्या आधी हिला दिसायचं.

फ्लायर निवडताना मात्र मी सपशेल चुकले. शाळेतली सगळ्यांत बारकी मुलगी घेतली. वजन नाही म्हणजे काम सोपं, असा माझा हिशेब. ती बेसच्या हातांवर चढली आणि ओल्या टॉवेलसारखी कमरेत दुमडली. पुन्हा चढवली, पुन्हा दुमडली. वर हसू आवरेना तिला. दोघी बेस घामाघूम झाल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ढिलं शरीर कितीही हलकं असलं तरी उचलायला जड. तान्हं मूल झोपलं की कडेवर कसं अचानक जड होतं, तसं.

मग मी सगळ्यांना ओंडक्याचा खेळ खेळायला लावला. एकीने अंग ताठ करून उभं राहायचं, बाकीच्यांनी तिला मागे कलती करून आडवी उचलायची. ताठ राहिली की ओंडका, वाकली की केळीचं पान. एकेक करून सगळ्या केळीची पानं निघाली. शेवटी आमच्याच लाटंबार्शाची एक दहावीतली मुलगी पुढे आली. मध्यम बांध्याची, काजूच्या झाडांवर चढून चढून पोटऱ्या दगडासारख्या झालेली. तिला आडवी केली, उचलली, पुढे नेली, मागे आणली. भिंतीला शिडी टेकवावी तशी ती पुन्हा उभी करून ठेवली तरी तिच्यात कुठे बाक नाही.

"श्वास घे गे," गोळाफेकवाली तिला म्हणाली.

आमचा ओंडका सापडला होता.

इंग्रजी नावं मुलींनी दोन दिवसांत बाजूला टाकली. फ्लायर झाली 'वयली', म्हणजे वरची. बेस झाल्या 'खांबे'. आणि मागची ती कोंकणीत 'फाटली'. मराठी वाचणाऱ्यांनी ह्याचा भलता अर्थ घेऊ नये. आमची फाटली कधीच घाबरली नाही.

सराव शाळा सुटल्यावर हॉलमध्ये व्हायचा. ज्युदोच्या गाद्या दुसऱ्या एका शाळेतून मागून आणल्या होत्या, फळीसारख्या कडक आणि जुन्या घामाच्या वासाच्या. सगळी जनेलं, म्हणजे खिडक्या, सताड उघडी ठेवून आम्ही सुरुवात करायचो. आधी नुसतं मांडीवर उभं राहणं. खांबे गुडघ्यात वाकून बसायच्या, वयली त्यांच्या मांड्यांवर पाय ठेवून उभी राहायची. ते नीट झालं की खांद्याच्या उंचीपर्यंत. मी एकच गोष्ट घोकून घ्यायची: पाठ वाकवायची नाही, मांड्यांनी उचलायचं. कंबरेतून उचलणारी मुलगी आज उचलते आणि उद्या अंथरुणात पडते. भाताची पेंढी डोक्यावर घ्यायला आमच्याकडच्या बायका कशा आधी खाली बसतात आणि पाठ सरळ ठेवून उठतात, ते करून दाखवलं की मुलींना पटकन कळायचं. बहुतेकींनी घरी ते पाहिलेलं होतं.

वयलीचे वडील टिपर चालवायचे. मूळचे दोडामार्गकडचे, खाणीच्या कामाला इकडे आले आणि इथलेच झाले. एका संध्याकाळी शाळेच्या गेटासमोर त्यांचा टिपर उभा राहिला आणि ते लाल धुळीने माखलेले तसेच हॉलच्या दारात आले. चपला बाहेर काढल्या. आत त्यांची लेक दोघींच्या खांद्यांच्या उंचीवर उभी होती.

"ह्या काय चाललाहा, बाई?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं. खेळ आहे, स्पर्धा आहे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि ट्रॅकपँट असते. कपड्यांचं ऐकून त्यांचा चेहरा जरा सैल झाला, पण नजर वरच होती. "कपड्यांचा नाय ओ, बाई," ते म्हणाले. "माजा चेडू पडला तर?"

"पडेलच कधीतरी," मी म्हटलं. "पण जमिनीवर पडणार नाही. ह्या तिघी त्यासाठीच आहेत."

त्यांनी तिघींकडे आळीपाळीने बघितलं. गोळाफेकवालीवर नजर जरा जास्त थांबली. "मी हयसर उबो रवान बघू?"

"बघा की."

ते गादीच्या कडेला उभे राहिले. लेक वर गेली की त्यांचे दोन्ही हात आपोआप पुढे यायचे, ती खाली आली की खाली जायचे. सराव संपेपर्यंत हेच. माझ्या मुलींना हसू येत होतं, पण एकीनेही दाखवलं नाही. शेवटी ते चपला घालताना फाटलीला म्हणाले, "तू माज्या चेडवाच्या पाठसून हलायचा नाय हां." तिने शपथ घेतल्यासारखी मान डोलवली. जाताना ते माझ्याकडे बघून हसले आणि हात झटकले. "खांदे दुखाक लागले," म्हणाले.

त्यानंतर थोड्या दिवसांनी वयली खरोखरच पडली. खांद्याच्या उंचीवर तिचा एक पाय सटकला. तिघी शिकवल्याप्रमाणे खाली शिरल्या आणि तिला धरली. तिला ओरखडासुद्धा आला नाही. फाटलीच्या ओठावर कोपर बसलं, तो सुजला, त्यावर कँटीनमधून बर्फ आणून लावला. ती बर्फ लावूनच हसत होती. "शिकवलंत तसं झालं, टीचर," तिने बोटांनी खूण करून सांगितलं, कारण बोलता येत नव्हतं.

पण वयलीच्या गुडघ्यांना भीती शिवली. वर गेली की ते वाकायचे. गुडघे वाकले की वजन मागे जातं, वजन मागे गेलं की खांब्यांचे हात थरथरतात, आणि हात थरथरले की गुडघे आणखी वाकतात. मी खालून ओरडायची, "गुडघे! गुडघे सरळ! गुडघे!" माझा आवाज बाजाराच्या रस्त्यापर्यंत जात असावा. आठवडाभर हेच चाललं. एका संध्याकाळी ती खाली उतरली, माझ्यासमोर उभी राहिली आणि डोळ्यांत पाणी आणून, पण न रडता म्हणाली, "टीचर, तुमी एकदा वयर चडून पळयात. मागीर सांगात."

आधी वर चढून बघा आणि मग सांगा, म्हणजे. मी म्हटलं, "मी? माझं वजन बघितलंस?"

"आमी उखलतां," गोळाफेकवाली म्हणाली. ती एकदम बोलली तेच इतकं नवल होतं की मला नाही म्हणता आलं नाही.

त्यांनी मला अगदी नियमाने तयार केलं. बूट तपासले, गळ्यातलं काढून ठेवायला लावलं, केस घट्ट बांधायला लावले. पुढेही एकीला उभी केली, दोन्ही बाजूंना आणखी मुली ठेवल्या. मी दोघींच्या खांद्यांवर हात ठेवले. फाटलीने मागून मोजायला सुरुवात केली. मी उडी मारली, माझे पाय त्यांच्या हातांत गेले, त्या खाली बसल्या, आणि उठल्या.

मी जे बघितलं ते अजून आठवतं. कपाटाच्या माथ्यावर हरवलेलं शटलकॉक. मुलींच्या डोक्यांवरचे भांग. आपल्याच शाळेचा हॉल, पण कुठल्या परक्या गावातला वाटला. खाली बघितलं आणि माझे गुडघे वाकले. मी वाकवले नाहीत, ते आपणहून वाकले.

"गुडघे, टीचर! गुडघे! सरळ!" सगळ्या मुली माझ्याच सुरात, माझ्याच चालीवर ओरडल्या. आणि त्या ओरडल्यामुळे मी आणखी खाली बघितलं. गुडघे आणखी वाकले. मला हसूही येत होतं आणि घामही फुटत होता. तेवढ्यात माझ्या पोटऱ्यांच्या मागून एक हळू आवाज आला. फाटलीचा. "टीचर, हांव फाटल्यान आसां. सकयल पळोव नाकात. मुखार पळयात."

मी मागे आहे, खाली नको, पुढे बघा. पुढे जनेल होतं. जनेलाबाहेर माड, त्याच्या झावळीवर एक कावळा. मी कावळ्याकडे बघितलं आणि माझे गुडघे सरळ झाले. खांदे वर ओढले गेले. खालचे हात स्थिर झाल्याचं मला तळपायांत कळलं. मी उभी होते.

त्याच क्षणी दार उघडून प्रिन्सिपल मॅडम आत आल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं नाही, कारण नजर कावळ्यावरून काढायची माझी हिंमत नव्हती. त्या म्हणाल्या, "खाली उतर बाई. उद्या पहिला तास तुझा नववीवर आहे आणि बदली द्यायला माझ्याकडे कोणी नाही."

मला उतरवताना सगळ्यांनी एवढी काळजी घेतली, जणू देवाची मूर्ती पालखीतून उतरवताहेत. पाय जमिनीला लागल्यावर मी तिथेच बसले. वयली माझ्या शेजारी येऊन बसली. "कशें दिसलें?" तिने विचारलं. कसं वाटलं?

"भंय दिसलें," मी म्हटलं, आणि ती मनापासून हसली.

त्या दिवसापासून मी खालून ओरडणं बंद केलं. उचल चालू असताना फक्त फाटलीने बोलायचं, बाकी कोणी नाही, मीसुद्धा नाही. आणखी एक गोष्ट मला वरूनच कळली. उचलताना दोघी खांबे एकमेकींकडे बघून हसल्या होत्या, तेव्हा माझे दोन पाय दोन दिशांना गेले. खालून मला ते कधीच दिसलं नव्हतं. आता नियम केला: खांब्यांची नजर वयलीच्या कमरेवर, कारण तोल जायला लागला की आधी कंबर सांगते. वयलीची नजर जनेलाबाहेर. तिने आपला कावळा निवडला नाही, माडाचा शेंडा निवडला. कावळा उडून गेला तर काय, असं म्हणाली. पटण्यासारखंच होतं.

गुडघे महिन्याभरात सरळ झाले. मग हात डोक्याच्या वर ताठ करून पूर्ण उंची जमली. मग एक पाय. दोघी खांब्यांनी मिळून तिचा एकच तळवा धरायचा आणि तिने दुसरा गुडघा वर घेऊन बगळ्यासारखं उभं राहायचं. पहिल्यांदा जमलं तेव्हा मुलींनी एवढा गलका केला की समोरचा हॉटेलवाला पोराला न पाठवता स्वतःच विचारपूस करायला आला. त्याने बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी सरावानंतर सगळ्यांना पातळभाजी आणि उंडे, म्हणजे गोल कडक पाव, घेऊन आला. भाजी तिखटजाळ होती. बारकी मुलगी, जी आता आमच्या नाचाच्या रांगेत पुढे असायची, तिने सगळ्यांत जास्त उंडे खाल्ले.

स्पर्धा फोंड्याला होती. शाळेच्या बसमधून निघालो तेव्हा मुली गात होत्या. हॉलमध्ये शिरल्यावर गप्प झाल्या. मडगाव, वास्को, पणजी, सगळीकडचे संघ आले होते. चमचमते कपडे, गालांवर चकाकी, केसांना एवढ्या मोठ्या फिती. आमच्या मरून रंगाच्या ट्रॅकपँट आणि पांढरे शर्ट. गोळाफेकवाली माझ्या कानाशी म्हणाली, "टीचर, आमी बँकेचे शिपाय कशे दिसतात." मी म्हटलं, "बँकेच्या शिपायावर लोकांचा विश्वास असतो." तिला पटलं नसावं, पण हसली.

मला खरी काळजी दुसरीच लागली होती. तिथली गादी निळी, नवी, मऊ होती. पाऊल ठेवलं की दबायची. आमच्या मुली ज्युदोच्या फळ्यांवर शिकलेल्या. सरावाला वेळ थोडा मिळाला. मी खांब्यांना म्हटलं, पाय थोडे जास्त फाकवा, टाचा दाबून ठेवा. दोघींनी मान हलवली.

आमची पाळी आली. संगीत सुरू झालं. नाच झाला, उड्या झाल्या, मांडीवरची उचल झाली. मग खांद्याच्या उंचीवर वयली चढली. मी कडेला बसले होते, तोंडावर हात घट्ट दाबून. आणि मला दिसलं. गोळाफेकवालीची टाच दोन गाद्यांच्या सांध्यात गेली. ती एवढीच खचली, पण वर ते एवढंच पुष्कळ असतं. वयली मागे कलंडली.

आता सांगते ते सांगायला जितका वेळ लागतो त्याच्या कितीतरी आधी घडून गेलं. वयलीने हात हलवले नाहीत, पाय झाडले नाहीत. ओंडक्यासारखी ताठ पडली. फाटली आधीच पुढे आली होती, तिने काखेखाली हात घालून खांदे आणि डोकं छातीशी घेतलं. दोघी खांबे बाजूला न होता आत शिरल्या आणि मांड्या झेलल्या. गादीला तिची वेणीसुद्धा लागली नाही. प्रेक्षकांत एक 'आई गं' असा आवाज उठला. त्यात मला फाटलीचा आवाज ऐकू आला, सरावात असायचा तसाच, न घाई न घबराट: "हांव आसां. परत." आणि पुढच्या मोजणीवर त्यांनी तिला पुन्हा वर घेतली. खांद्यापर्यंत, मग पूर्ण उंचीवर, आणि शेवटी एका पायावर. तिने मान वर केली आणि हॉलच्या पार पलीकडच्या भिंतीवर कुठेतरी बघितलं. तिथे माड नव्हता. तिला काय दिसलं ते मी नंतरही विचारलं नाही.

पडण्याचे गुण गेलेच. आम्ही चौथे आलो. पहिल्या तिघांना चषक होते, आम्हाला टाळ्या. पण टाळ्या चांगल्या मोठ्या होत्या. परीक्षकांमध्ये बंगळुरूची ती तरुणी होती. निकालानंतर ती आमच्याकडे आली, माझ्याशी नाही, थेट फाटलीशी हात मिळवला. मग मला म्हणाली, "मैडम, अब नीचे नहीं खींचतीं?" मी म्हटलं, "नहीं. अब कबड्डी में भी हाथ ऊपर जाता है." हे काही अगदीच खोटं नव्हतं.

वयलीने बापाला फोन लावला. ते कुठेतरी टिपर घेऊन वाटेत होते. "चवथो नंबर, बाबा," ती म्हणाली. पलीकडून काही विचारलं असावं. "हां, पडलंय. नाय, लागला नाय. तिघांनी धरल्यानी." मग ती बराच वेळ ऐकत राहिली आणि फोन फाटलीच्या हातात दिला. "तुझ्याकडे बोलूचा हा." फाटली लाजून बाजूला गेली आणि फोनवर नुसती "हां, काका, हां, काका" करत राहिली.

बाहेर पार्किंगमध्ये बसची वाट बघत उभ्या होतो. मुली थकल्या होत्या, भूक लागली होती, तरी गप्प बसवेना. गोळाफेकवाली भिंतीला टेकून बुटाची नाडी सोडत होती. कोणीतरी तिला म्हणालं, एवढा वेळ वयलीला वर धरतेस तरी हात कसे दुखत नाहीत तुझे. ती नाडीकडेच बघत म्हणाली, "दुखतात. पूण माका कोणेंच केन्ना उखलूंक ना. ल्हान आसतनासुद्धा ना. आई म्हणताली, तूं जड."

तिला कधी कोणी उचललंच नव्हतं, लहान असतानासुद्धा; पण ती हे रडत वगैरे म्हणाली नाही. बुटाची नाडी निघत नाही म्हणावं तसं म्हणाली. पण मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. वयलीने आपला शर्ट खोचला, गुडघ्यात वाकली आणि दोन्ही तळहात पुढे केले.

"ना गे," गोळाफेकवाली म्हणाली. "पिसें लागलां तुका?"

"चड," वयली म्हणाली.

मी मध्ये पडायला हवं होतं. नियमाने गादी हवी होती, जमीन सिमेंटची होती. मी पुढे झाले आणि म्हटलं, "मांडीपर्यंतच. त्याच्या वर नाही. आणि सगळ्यांनी धरायचं." सगळ्यांनी म्हणजे खरंच सगळ्यांनी. बारक्या मुलीसकट. फाटली मागे गेली, मी पुढे उभी राहिले. गोळाफेकवालीने बूट काढले, एक पाय वयलीच्या मांडीवर ठेवला, दुसरा कबड्डीवालीच्या, आणि आम्ही सगळ्या मिळून तिला वर ढकलली.

ती जेमतेम उभी राहिली. गुडघे वाकलेले, हात पंखासारखे पसरलेले, आणि हसू असं सुटलेलं की तिचं सगळं अंग हलत होतं आणि तिच्याबरोबर खालच्या सगळ्या हलत होत्या. वयलीचा चेहरा लालबुंद झाला होता. "ताठ रव गे, ताठ!" ती दात आवळून म्हणत होती. गोळाफेकवालीला ताठ राहणं काही जमेना. ती केळीचं पान होती, अगदी पहिल्या नंबरचं. पण वर होती. आजूबाजूच्या संघांतल्या मुली, चकाकी लावलेल्या, थांबून बघायला लागल्या आणि कोणीतरी शिट्टी मारली.

आम्ही तिला उतरवली तेव्हा तिचे डोळे पाण्याने भरले होते आणि हसू थांबत नव्हतं. "फोंडें दिसलें," ती म्हणाली. "सगळें फोंडें दिसलें."

मांडीच्या उंचीवरून फोंडा काय दिसणार, पार्किंगची भिंतसुद्धा दिसली नसेल. पण कोणी तिला दुरुस्त केलं नाही. बस आली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि विचारलं, वाटेत भजी खायला थांबायचं का. एवढ्या मुली एकाच वेळी हो म्हणाल्या की त्याने कान झाकले.